चौदा गोळ्यांची वाटणी

सोमवार, ३ सप्टेंबर

चि. गुंज्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. दाजींचा गुडघा हल्ली कुरकुरत नाही. ते रोज सकाळी फिरायला जातात आणि परत आल्यावर अर्धा तास त्या फिरण्याचं वर्णन करतात. जाताना घरातलं टपाल पेटीत टाकतात, पण टाकण्याआधी कुणाचं कुणाला हे उलटसुलट करून बघतात. म्हणून हे पाकीट मी दोनदा डिंक लावून बंद करणार आहे आणि दवाखान्याजवळच्या पेटीत स्वतः टाकणार आहे.

आता तुझ्या मित्राबद्दल.

तू लिहितोस, तुझा एक मित्र फिरतीवर असताना ‘एकदा घसरला’. घसरायला तिथे काय शेवाळ होतं? मग त्याला लघवीला जळजळ सुरू झाली. परगावच्या डॉक्टरने तपासून क्लॅमिडिया सांगितला, सकाळ-संध्याकाळ एक अशा सात दिवसांच्या चौदा गोळ्या दिल्या आणि बायकोलाही तपासायला पाठव म्हणून एक चिठ्ठी दिली. बायकोला पाचवा महिना. तिला सांगायची मित्राची छाती नाही. म्हणून मित्राने एकेक गोळी कुटली, दागिने तोलायच्या काट्यावर तिचे दोन समान भाग केले, एक भाग स्वतः घेतला आणि दुसरा बायकोच्या दुधात मिसळला. ‘मिलिग्रॅमचाही फरक नाही’ हे वाक्य तू अधोरेखित केलं आहेस. आणि आता मित्राला जाणून घ्यायचंय की दोघं बरी झाली असतील ना.

गुंज्या, असा मित्र जगात एकच आहे आणि त्याच्या खांद्यावर आपल्या अप्पांचं डोकं बसवलंय, फक्त आतला ऐवज काढून. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाशिवाय हा गाढवपणा दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. अप्पा आपल्या दोघांत पेरूसुद्धा तोलून वाटायचे, तेवढंच तू शिकलास. जड निघालेल्या फोडीचं जास्तीचं टोक ते स्वतःच्या तोंडात टाकायचे, ते मात्र तू सोयीने विसरलास.

बावीस वर्षं मी गुप्तरोगांच्या या प्रयोगशाळेत नमुने तपासते. आमची खोली बोळाच्या अगदी टोकाला आहे. तिच्या अलीकडे त्वचेच्या विभागाचा बाक आहे. आमच्याकडे आलेले सगळे शूरवीर त्या बाकावर बसतात, खाज सुटल्यासारखा कोपर खाजवतात आणि बोळ रिकामा झाला की आमच्या दारात शिरतात. त्यातले निम्मे मित्रासाठी आलेले असतात. मी त्यांना नमुन्याची बाटली देते. मित्रासाठी आलेला माणूस निमूट संडासात जातो आणि मित्राची बाटली भरून आणतो. आजवर एकानेही मला विचारलेलं नाही की मित्र नसताना हे कसं जमलं.

तर ऐक, आणि या वेळी कान उघडे ठेव. अर्ध्या औषधाने अर्धा रोग बरा होत नाही. ज्याचं पूर्ण माप लागतं ते अर्धं घेतलं तर जंतू आत राहतात, जळजळ मात्र कमी होते, आणि तुझ्यासारख्याला वाटतं आपण सुटलो. दुधाबरोबर या गोळ्या नीट लागूही पडत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या गोळ्या गरोदर बाईला द्यायच्याच नसतात. तिच्यासाठी वेगळं औषध आहे, बाळाला न बाधणारं, एकाच वेळी घ्यायचं. डॉक्टरने चिठ्ठी दिली ती यासाठी. तू तिचं काय केलंस? काट्याखाली टेकण म्हणून ठेवलीस का?

तिला काही त्रास नाही, असंही तू लिहिलं आहेस. या रोगात बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. तो आतल्या आत वर सरकतो. उपचार नाही झाला तर बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना लागण होऊ शकते. तुझ्या बाळाच्या, मित्राच्या नव्हे.

तुझी मास्तरीण शाळेत चाळीस पोरांना खरं बोलायला शिकवते. तिला खरं सांग. शनिवारी दहा वाजता तिला माझ्याकडे घेऊन ये. तुम्हा दोघांची तपासणी करू, त्यात बाकीचे लैंगिक आजार आणि एचआयव्हीही आले. तोवर तिच्यापासून लांब झोप. निरोध नावाची वस्तू जगात आहे, ती फिरतीच्या पिशवीत चिमटे आणि पेचकसांबरोबर मावली असती. आणि जिच्याकडे तू घसरलास, तिलाही कळव. तीही माणूसच आहे.

तुझ्या मित्राला चांगलं ओळखणारी,
ताई

•

मंगळवार, ११ सप्टेंबर

गुंज्या,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून लिहीत नाही.

शनिवारी मी दहा ते एक वाट पाहिली. तू आला नाहीस, तुझं पत्र आलं. निदान मित्राला तू परत पाठवलंस, एवढी प्रगती झाली. आता तू म्हणतोस, तिला कळलं तर ती घर सोडून जाईल. म्हणून मीच काहीतरी निमित्त काढावं. रक्त कमी आहे असं सांगून तिला बोलवावं, गुपचूप नमुना घ्यावा आणि ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून औषध द्यावं. तुझे शब्द आहेत. ताकदीच्या गोळ्या.

हे शब्द वाचून मी कागद खाली ठेवला आणि चहा करायला उठले. चहा उतू गेला. दाजी म्हणाले, लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, कुठे नाही.

मी हे तुला कधीच लिहिणार नव्हते. कुणालाच नाही. पण तू तेच शब्द कुठून उचललेस मला माहीत नाही, आणि आता लिहिल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. दाजी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाहून परत आले होते. आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी मला एक पुडी दिली. त्यांच्या डॉक्टर मित्राने दिलेल्या ताकदीच्या गोळ्या, म्हणाले, तू थकलेली दिसतेस. मी खूश झाले. नवऱ्याला माझा थकवा दिसला, याचंच मला कौतुक. चार दिवस घेतल्या, मळमळायला लागलं म्हणून सोडून दिल्या. कशासाठी आहेत हे ठाऊक असतं तर मळमळ सोसली असती, किंवा डॉक्टरकडे जाऊन बदलून घेतल्या असत्या. ओटीपोटात दुखायचं, ताप यायचा. सासूबाई म्हणाल्या, बायकांना असतंच. मग ते थांबलं आणि मी विसरले.

नंतर मूल होईना. पाच वर्षं. आई मला म्हणायची, तुझ्यातच काहीतरी खोट आहे. तपासणीत निघालंही तसंच, दोन्ही नळ्या बंद. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढे माझी बदली या विभागात झाली. पहिल्याच आठवड्यात वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई फळ्यावर लिहीत होत्या, न बऱ्या झालेल्या लागणीने काय काय होतं. ओटीपोटात दुखणं. ताप. नळ्या बंद होणं. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं, आणि उतरवता उतरवता मला ती पुडी आठवली.

घरी आले, कुकर लावला. दाजींना विचारलं नाही. आजपर्यंत नाही. तुला वाटेल क्षमा केली. छे! मला भीती वाटली की ते खरं सांगतील. मग त्यांच्याबरोबर राहायचं कसं, आणि नाही राहायचं तर जायचं कुठे? त्यापेक्षा खोट आपल्यात आहे, हे सोपं वाटलं. बोळाच्या टोकाला बसून मी लोकांच्या भित्रेपणाला हसते ना? सगळ्यात भित्री तिथे पांढरा कोट घालून बसलेली असते.

आणि तू! आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालास, ‘मूल नसताना दाजींनी ताईला कधी एका शब्दानं दुखावलं नाही, दुसरं लग्न केलं नाही. असा देवमाणूस शोधून सापडायचा नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला. त्या दिवशी मला तुझी जितकी किळस आली तितकी आज पुन्हा येतेय, आणि माझी स्वतःची त्याहून जास्त, कारण टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

मी तुझ्या बायकोला ताकदीच्या गोळ्या देणार नाही. येत्या शनिवारपर्यंत तू सांगितलं नाहीस, तर रविवारी मी तुझ्या दारात उभी असेन आणि मी सांगेन. तू लपवण्यात पटाईत असशील, पण माझा सराव तुझ्याहून जुना आहे.

ताई

•

सोमवार, १७ सप्टेंबर

चि. गुंज्यास,

आशीर्वाद. या वेळी लिहिते आहे, पण त्यातले जास्त तुझ्या बाळासाठी आहेत.

शनिवारी पावणेदहाला मास्तरीण आली. एकटीच. त्वचेच्या बाकावर क्षणभरही बसली नाही, सरळ आमच्या दारात. तिच्या हातात माझं दुसरं पत्र होतं. म्हणजे तू सांगितलंस, असं मला क्षणभर वाटलं. मग कळलं तू काय केलंस. तिच्या तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यात माझं पत्र सरकवलंस आणि पिशवी उचलून फिरतीवर पळालास. शाबास! तुझ्या पापाची कबुली मी लिहायची, तिने वह्यांत शोधायची आणि तू तोवर परगावी किराणा दुकानाचा काटा शून्यावर आणायचा.

तिने ते पत्र लाल पेन्सिलीने वाचलं होतं. जिथे तुझ्याबद्दल होतं तिथे एकही खूण नव्हती. पुडीच्या परिच्छेदाशेजारी समासात एक उभी रेघ होती, कागद फाटेल इतकी दाबून ओढलेली.

खुर्चीवर बसली. पत्रात नव्हतं ते गोळ्यांच्या वाटणीचं आणि दुधाचं मी सांगितलं, तेव्हा म्हणाली, “ताई, दूध कडू लागायचं. मी विचारलं तर म्हणाले, गवळी बदललाय. मी रोज मोरीत ओतत होते.”

ऐकलंस? तू मिलिग्रॅमचाही फरक न करता तोललेला तिचा भाग सात दिवस मोरीने प्यायला. एका अर्थी बरंच झालं, नको ते औषध तिच्या पोटात गेलं नाही. पण लागण होती तशीच राहिली. नमुन्यात क्लॅमिडिया निघाला. बाकीच्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत, एवढं सुखाचं. आमच्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, गरोदरपणात चालणारं औषध दिलं, आणि तिने ते पाण्याबरोबर त्यांच्यादेखत घेतलं. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. वेळेत आली, म्हणून बाळाची काळजी करण्याचं कारण बहुतेक उरणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी तिला विचारलं, “आता काय करणार?”

म्हणाली, “घर माझंही आहे. मी कुठे जात नाही. ते आले की बाहेरच्या खोलीत झोपतील. पुढचं मी ठरवेन आणि त्यांना सांगेन. लिहून नाही, तोंडाने.”

ती घर सोडून जाईल, म्हणून तू हा सगळा उद्योग केलास. तुला तुझी बायको कधी कळलीच नाही.

तुझ्यासाठी निरोप असा. पुन्हा डॉक्टरकडे जा, तुझ्या त्या वाटणीचं सगळं खरं सांग आणि ते देतील ते पूर्ण घे, पाण्याबरोबर. संपल्यावरही सात दिवस ब्रह्मचारी राहा, त्यात आता तुला अडचण येईल असं दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घे. आमच्याकडे ये. बाकावर बसून कोपर खाजवलंस तर सगळ्यांसमोर हाक मारेन.

एक गोष्ट राहिली. निघताना मास्तरीण दारात थांबली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही दाजींना कधीच विचारलं नाहीत?”

मी म्हटलं, नाही.

“का?”

बस, एवढंच. आणि वर्गात पोराला उभं करून थांबतात तशी उत्तरासाठी थांबली. मी पत्रात तुला लिहिलेली कारणं तिने वाचली होती, म्हणून ती पुन्हा सांगता येईनात. दुसरं एकही सापडेना. बावीस वर्षं लोकांना ‘जोडीदाराशी बोला’ म्हणून चिठ्ठ्या देणारी मी, तिच्यासमोर गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी उभी राहिले. मग तिनेच माझ्या हातावर हात ठेवला आणि गेली. दोन दिवस झाले, तो हात मला जाणवतो आहे.

आत्ता सकाळचे साडेसहा वाजलेत. दाजी बुटांच्या नाड्या बांधताहेत आणि आज कुठल्या रस्त्याने जाणार ते सांगताहेत. या पत्रात मी तुला पुडीची गोष्ट पुन्हा लिहिली नाही, तुला ती ठाऊक आहे. पण मागच्या पत्राचा तो कागद मास्तरीण परत देऊन गेली, लाल रेघेसकट. तो मी याच पाकिटात सगळ्यात वर ठेवते आहे.

डिंकाची बाटली फळीवर आहे. मी ती काढलेली नाही. हे पाकीट मी आज दाजींच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे, पेटीत टाकण्याआधी वाचा.

हे तुला मिळालं, तर समज की त्यांनी वाचलं आणि चिकटवलं. नाही मिळालं, तर समज की ते अर्ध्या रस्त्यातून परत आले, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो आहोत.

दारात उभी असलेली,
तुझी ताई