हळद वर चढेना

नोएडा, सेक्टर १९
१ डिसेंबर १९९४

ती. आजोबांस अपूर्वाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या हळदीने मला फसवलं! देठातून फुलात रंग चढवायच्या प्रयोगाला वर्गात सगळ्यांनी शाई घेतली. तुम्हीच लिहिलंत, शाई कसली, चाळीस वर्षं हळदीच्या पेढीवर काढली, सांगलीची हळद पाण्यात घाल, फूल सोन्यासारखं होईल. मी अख्खी पुडी ग्लासात ओतली आणि पांढरी शेवंती ठेवली. चार दिवस झाले. वर्गातल्या केतनची शेवंती लाल झाली, माझी बिल्कुल पांढरी. हळद खाली गाळ होऊन बसलीय.

सतराला प्रदर्शन आहे, शाळेला देणगी देणाऱ्या कंपनीचे बडे साहेब येणार. मॅम म्हणाल्या, फूल पिवळ्या रंगात बुडवून आण, नाहीतर टेबल नाही. आई म्हणते, एवढ्याशा फुलासाठी कसला हट्ट! मी बुडवणार नाही म्हणजे नाही. तुम्ही कोणाच्या बाजूने?

तुमच्यावर रागावलेली,
अपूर्वा

सांगली
१० डिसेंबर १९९४

चि. अपूर्वास अनेक आशीर्वाद.

आधी मलाच राग आला. सांगलीची हळद आणि चढत नाही? तुमच्या नोएडाच्या पाण्याला नावं ठेवत मी इथे ग्लासात हळद कालवली, शेवंती खोचली. तीन दिवस तुझी आजी हसतेय. फूल पांढरं ते पांढरंच! मग पाणी रुमालातून गाळलं, तर हळद सगळी रुमालात. अगं, ती पाण्यात विरघळतच नाही, मग देठातून वर जाणार कशी? चाळीस वर्षं हळद विकली आणि हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी.

फूल बुडवायचं नाही. टेबल गेलं तर गेलं. आईला सांग, हट्ट तिच्या सासऱ्याकडून आलाय.

लोभ ढवळत राहा, तळाशी बसू देऊ नकोस.
दीनानाथ

नोएडा
१८ डिसेंबर १९९४

ती. आजोबांस साष्टांग नमस्कार.

टेबल नाहीच मिळालं. मग आईनेच घरचं स्टूल रिक्षातून आणलं आणि शाळेच्या जिन्याखाली मांडलं! त्यावर ग्लास, पांढरं फूल आणि चिठ्ठी: हळद विरघळत नाही, म्हणून फुलात चढत नाही. मॅम म्हणाल्या, तूच काहीतरी चुकवलं असशील, उचल हे. मी म्हटलं, नाही उचलणार. आणि तुमचं पत्र पुढे केलं. मॅमनी ते मराठी पत्र अडखळत वाचलं. ‘चूक माझी’पाशी थांबल्या. मग पत्र घडी घालून परत दिलं. स्टूल काही उचलायला लावलं नाही.

लोभ ठेवा, आईवर थोडा जास्त. पहिला नंबर केतनचा आला. फूल मी पांढरंच घरी आणलंय.

तुमची,
अपूर्वा