सारजाचा कळप

मंगळवार, संध्याकाळ

आज सारजा बोलली! मेंढरं राखणाऱ्यांची पोर, अंगणवाडीत आल्यापासून तोंड मिटूनच होती. मदतनीस तर तिला मुकीच म्हणायची. आज ‘कोण काय होणार’ खेळताना तिनं माझी लाकडी पट्टी खांद्यावर टाकली आणि ‘हुर्र’ केलं. सगळी पोरं मेंढरं होऊन तिच्यामागं! वाटलं, आता हा गोंधळ काही आवरत नाही. तर तीच म्हणाली, “बसा. रवंथ करा.” बसली की सगळी, मुकाट चघळत. मला वर्षभरात एकदा तरी जमलं होतं का हे? मग पट्टी माझ्याकडं वळली. “बाई, तुमी बी.” माझ्याशी पहिलं वाक्य, तेही हुकूम! ऐटीत बसले मी. अजून स्वयंपाकही व्हायचाय, तरी सासूबाई विचारायल्यात, “काय चघळायलीस गं?”