पाटीवरचा ऱ्हस्व उकार

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. गुडघा आता जिना चढू देतो की अजूनही मधल्या पायरीवर अडवून धरतो, आणि मामींचा खोकला ओसरला का, हे सविस्तर कळवावे. (मामी ‘बरं आहे’ म्हणाल्या तर त्यावर विसंबू नये, त्या तापातही बरंच आहे म्हणतात.) इकडे सर्व क्षेम. म्हणजे क्षेम नाही, पण पत्राच्या आरंभी तसे लिहिण्याचा प्रघात आहे आणि तो मोडण्याइतके बळ सध्या माझ्यात उरलेले नाही.

सूतवाले काकांशी मी नेमके काय बोलले, असे तुम्ही विचारले आहे. ते तुम्हाला “भाची हुशार आहे तुझी” एवढेच म्हणाले आणि त्या दिवसापासून संध्याकाळी बुद्धिबळाला फिरकले नाहीत. शाळेच्या बाकापासूनचा तुमचा हा मित्र. आता तुम्ही काळी-पांढरी दोन्ही प्यादी एकट्यानेच हलवत बसता, असे मामींनी आईला फोनवर सांगितले. तेव्हा जे घडले ते काहीही न गाळता लिहिते. गाळावे असे त्यात पुष्कळ आहे.

भाषा विषयात विद्यापीठात पहिली येऊन मी घरी बसले, हे तुम्ही जाणताच. अर्ज मी गुणवत्तेवर केले. नकारही गुणवत्तेवर आले, असे मात्र म्हणवत नाही. कारण एका कचेरीच्या नकारपत्रात इतक्या अशुद्धी होत्या की मी ते तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवले. त्यांनी मला पुन्हा नकार पाठवला. तो निर्दोष होता. (हा माझा विजय आहे, असे मी आईला सांगितले. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.) शेवटी तीच म्हणाली, “मामाला सांग ना, टाकेल कुठेतरी एक शब्द.” त्यावर मी तिला ऐकवले की शब्द ही काही टाकायची वस्तू नव्हे. “मग बस घरात शब्द कुरवाळत,” असे म्हणून तिनेच तुम्हाला फोन लावला.

माझी मनःस्थिती ध्यानात घ्यावी, मामा. वशिल्याचे तट्टू हा शब्दप्रयोग मी आजवर इतरांसाठी फार मोकळ्या हाताने वापरला होता आणि आता खोगीर माझ्याच पाठीवर चढत होते. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून, दुखऱ्या गुडघ्याने मला त्यांच्या दुकानाच्या दारापर्यंत आणून सोडलेत आणि “जपून बोल हो” एवढेच म्हणून परतलात. जन्मात कोणाकडे काही न मागितलेल्या माणसाने माझ्यासाठी मागितले होते. त्या क्षणी मला हे दिसायला हवे होते. मला दिसली ती पाटी.

निळ्या अक्षरांची, लाकडी, एका बाजूने किंचित कललेली. तिच्यावर ‘सुत भांडार’ असे लिहिलेले. सु ऱ्हस्व! माझ्या अंगावर काटा आला. (तुम्ही वर्षानुवर्षे त्या पाटीखालून जाता आणि तुम्हाला काहीच होत नाही, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. आता वाटत नाही.)

आत पंखा बंद होता, कारण तो लावला की धाग्यांची तुसे उडून नाकात जातात. छतापर्यंत सुताच्या रंगीत गुंड्या रचलेल्या, मधोमध तराजू, आणि एका कोपऱ्यात एक बाई धागा गुंडाळत बसलेल्या. काका पत्रव्यवहारासाठी माणूस शोधत होते, ते ठाऊकच आहे. त्यांनी माझी प्रमाणपत्रे उघडूनही पाहिली नाहीत. “बस गं. मामा सांगतो, फार शिकलीस म्हणे. चहा घेशील ना?” असे म्हणून त्यांनी खुर्ची पुसून दिली. प्रमाणपत्रे न पाहणे हा मला अपमान वाटला. मग त्यांनी सहज, बोलायचे म्हणून विचारले, “कसं वाटलं दुकान?”

मामा, त्या वेळी ‘छान’ हा दोन अक्षरांचा, निर्धोक शब्द उपलब्ध होता. मी तो वापरला नाही. मी म्हणाले, “दुकान ठीक आहे, पाटी अशुद्ध आहे. सूत म्हणजे धागा, त्याचा सू दीर्घ. ऱ्हस्व सुत म्हणजे मुलगा. तुमच्या पाटीप्रमाणे तुम्ही इथे मुलगे विकता. घाऊक की किरकोळ?”

कोपऱ्यातल्या बाईंचा हात थांबला. मी आजवर केलेल्या विनोदांपैकी निर्दोष म्हणावा असा तो एकच. आणि तो कुठेही न अडखळता मी म्हटला. काकांनी दाराबाहेर पाहिले. मग म्हणाले, “किरकोळ. एकच होता.”

मला कळले नाही. कळले असते तर निदान तिथे थांबले असते. मी पुढे सांगत राहिले, की दुरुस्ती ब्रशाच्या एका फटकाऱ्याची आहे, शिडी असल्यास मी स्वतःच करून देते. “असू दे,” ते म्हणाले. “तू सोमवारपासून ये.” आणि तेव्हा मी (हे लिहिताना पेन जड होते) ताठ उभी राहून म्हणाले की ही नोकरी केवळ मामांच्या शब्दामुळे मिळत असेल, तर मला ती नको. चहा आला होता. मी तो घेतला नाही.

पाटीची गोष्ट घरी आल्यावर आईने सांगितली. काकांच्या मुलाने शाळेत असताना ती रंगवली होती, वडिलांना चकित करायचे म्हणून, त्यांच्या नकळत. पुढे दोन पावसाळ्यांत तो तापाने गेला. मी तेव्हा पाळण्यात होते. काकांसमोर त्याचा विषय काढायचा नसतो, हेही आईने सांगितले. मी तो काढून झाल्यावर.

त्यानंतर मी क्षमापत्राचे अनेक मसुदे केले. प्रत्येक आधीच्यापेक्षा सुबक झाला, म्हणूनच एकही पाठवला नाही. वाचणाऱ्याला पश्चात्तापाआधी वाक्यरचना दिसेल, अशी भीती वाटते. मला एवढेच उमगले आहे, की ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. पटासमोर बसले की तुम्ही विचाराल, “काय झालं रे?” आणि मग त्यांना तुमच्या भाचीची तक्रार तुमच्याचकडे करावी लागेल. ती करावी लागू नये म्हणून ते येत नाहीत. तेव्हा तुम्हीच जा, मामा. पट घेऊन जा, आणि भाची मूर्ख आहे, असे तुम्ही आधी म्हणून टाका, म्हणजे त्यांना म्हणावे लागणार नाही. माझ्यासाठी कोणाहीकडे पुन्हा काही मागू नये, ही हात जोडून विनंती. आता जे मिळेल ते माझ्या पायांनी जाऊन मिळवीन.

मामींना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक (नसलेली) भाची

ता. क. ती जागा अजून भरलेली नाही. मी सहज त्या रस्त्याने गेले होते. कालही सहजच गेले होते. काका स्वतःच पत्रे लिहीत बसले होते आणि दर ओळीला चष्मा पुसत होते. त्या बाईंनी मला ओळखले आणि हाताने ‘आत ये’ अशी खूण केली; मी पळाले. वर केलेली हात जोडून विनंती कृपया रद्द समजावी. पट मांडून झाल्यावर, ते जिंकत असतील अशा वेळी (म्हणजे तुम्ही हरावे), सोमवारी भाची आली तर चालेल का, एवढे विचाराल? तुमच्यामुळे मिळाली तरी मला हवी आहे.

ता. क. दुसरा. तुमच्या पत्राच्या शेवटी ‘अनेक आशिर्वाद’ असे लिहिले आहे. मी ते आहेत तसे घेतले.