उतारावरचं गवत

प्रिय दादा,

गेल्या वर्षी गावाच्या सभेत तू मृदसंधारण खात्याचा साहेब म्हणून उभा राहिलास आणि म्हणालास, "या उतारावर यापुढे नांगर चालणार नाही." त्या उतारावर आमची निम्मी शेती होती. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

तू चुकला नाहीस. वर गवत राहिलं म्हणून यंदा खालच्या शेतातली माती वाहून गेली नाही, विहिरीचं पाणीही गढूळ झालं नाही. पण हे घरात बोलायची सोय नाही. सासूबाई म्हणतात, "माहेरचं कौतुक पुरे. एवढ्याशा तुकड्यावर घर कसं चालवायचं, ते विचार भावाला."

काल हे स्वतः ट्रॅक्टर घेऊन उताराकडे निघाले. मी आडवी उभी राहिले. यांनी इंजिन बंद केलं आणि शांतपणे विचारलं, "तू माझी बायको आहेस की त्याची बहीण?" मी वाटेतून हलले नाही. हे मागे फिरले, पण तेव्हापासून जेवले नाहीत.

तुला कळवलं तर तुला यांच्यावर कारवाई करावी लागेल. भाऊ म्हणून गप्प बसलास तर तुझी नोकरी जाईल. म्हणून हे पत्र लिहून झालं की चुलीत घालणार आहे.

अंगणात ट्रॅक्टर सुरू झालाय. वरची माती खाली येणार हे मला ठाऊक आहे, तरी आज यांना एकटं जाऊ देववत नाही. मी शेजारी बसून जाणार आहे. कुणाकडून कळून तू आलास, तर दोघांनाही धर.

तुझीच,
धाकटी