वहीतले दोन आकडे

तंजावूर, ४ फेब्रुवारी २०२५
ती. सौ. नंदिताक्कास,
कार्तिकेयाचा सा. न. वि. वि.

स्पीकर लावल्याशिवाय तुझ्या सासूबाई तुला फोनवर बोलू देत नाहीत, म्हणून हा कागद. आजोबांनी आपल्याला देवनागरी शिकवली ती अशी कामाला आली. तुमच्या घरात ती कुणाला वाचता येत नाही.

सातव्या महिन्यात वळैकाप्पूच्या बांगड्या भरल्या की मुलगी माहेरी येते. आई-अप्पा नाहीत म्हणून तुला तिथंच ठेवून घेतलं, तर मी ओरडणार नाही काय? आता म्हणे, मी तुमच्या पापनाशमच्या घराची पायरी चढायची नाही. कॉलेज मी सोडलं, राजलक्ष्मीनं मला सोडलं, त्यात हे आणखी एक दार बंद. घरात मी एकटा. तब्येतीचं खरं कळव.

माया आटू देऊ नकोस.
कार्तिक

पापनाशम, ९ फेब्रुवारी
चि. कार्तिकेयास अ. उ. आ.

वेड्या, वेळेवर जेव. राजलक्ष्मीनं तुझ्यापायी एक इडलीसुद्धा सोडली नसेल.

माझं बरंच म्हणायचं. बांगड्या हातात रुतल्यात. अंग भरतंय म्हणून सासूबाई खूश; दृष्टही काढली. डोकं मात्र चार दिवस ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी वहीत १५०/१०० लिहिलंय. अर्थ विचारला, तर पुढच्या महिन्यात या म्हणाल्या. मागं एवढी रांग, पुन्हा कोण विचारणार? तू बघून कळव. फोन नको, घरात भांडण होईल.

लोभ आहेच, थोडी अक्कलही असू दे.
अक्का

इस्पितळाचा बाक, तंजावूर, १६ फेब्रुवारी
ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र बारा तारखेला आलं. मी तेव्हा तिरुचीला होतो. राजलक्ष्मीच्या बसस्टॉपवर दोन दिवस उभा. तिनं मान वळवून पाहिलं नाही. चौदाला परत येऊन पत्र फोडलं नि औषधाच्या दुकानातल्या भरद्वाजांना आकडे दाखवले. हा रक्तदाब आहे, आत्ताच्या आत्ता तिला इस्पितळात न्या, म्हणून ते माझ्यावरच ओरडले. फोन केला तर भावोजी रडत होते. तुला झटके आले होते, गाडीत घालून इकडंच आणत होते.

वॉर्डात पुरुषांना सोडत नाहीत, आयाबाईंच्या हाती हे देतोय. बाळाचं तुला सांगितलं, असं कळलं. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्यात; आम्ही बोलत नाही. त्या नर्सबाईंशी भांडायला निघालो होतो. पण ते दोन दिवस माझे आहेत, अक्का.

रागाव, पण उत्तर दे.
कार्तिक

वॉर्ड, १७ फेब्रुवारी
चि. कार्तिकेयास अ. उ. आ.

रागवायला ताकद नाही. मुलगी होती. कपाळ तुझ्यासारखं.

काल इथल्या डॉक्टरबाईंनी खाटेवर बसून त्या आकड्यांचा अर्थ सांगितला. पाच मिनिटं लागली.

आज सकाळपासून दूध येतंय. छाती दगडासारखी झालीय, लुगडं भिजतं. अशा वेळी काय करायचं असतं, ते कुणीच सांगितलेलं नाही. आजूबाजूला सगळ्या लेकुरवाळ्या. त्यांना विचारवत नाही. तू बाहेर कुणाला तरी विचार आणि संध्याकाळच्या आत लिहून पाठव.

अक्का