रक्तात टिकणारी जोडणी

प्रिय सोनल वहिनी,

बेल्ह्याला माहेरी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. रागावले नाही गं. सार्थक गेल्यावर आमच्या अवसरीच्या घरात राहणं तुला किती जड झालं असेल, ते कळतं मला. आई अजून त्याच्या चपला दारातून हलवू देत नाही. यंदा कांदा बरा झाला, पण अण्णा काढणीला माणसं लावून मोकळे झाले, स्वतः शेताकडे फिरकले नाहीत.

एक बातमी मात्र तुलाच आधी सांगायची होती. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतलं काम जमलं. रक्त गोठवणारं जे प्रथिन सार्थकच्या अंगात जन्मापासून नव्हतं, ते टोचलं तरी दोन दिवसांत ओसरून जायचं. रक्तात आठवडेच्या आठवडे राहणारं दुसरं एक प्रथिन असतं. दोन्हींची जनुकं जोडली की पेशी ती एकाच साखळीत बनवतात, आणि पहिलंही दुसऱ्याच्या आधाराने टिकतं. परदेशात अशी औषधं आहेत. आम्ही इथल्या माणसाला परवडेल असं करू पाहतोय. अडत होतं ते मधल्या दुव्यावर. आखूड ठेवला की दोन्ही प्रथिनं एकमेकांना चेपायची, लांब ठेवला की पेशीच तो कातरून टाकायच्या. जेवताना मी हे सांगत होते तेव्हा सार्थक हसला होता, "ताई, तुमचं चिकटंल तवा चिकटंल. तंवर मी पडत न्हाई, मग झालं?"

आणि मंचरहून येताना मोटारसायकल घसरून पडला. वरून ओरखडासुद्धा नव्हता. तू एकटी सांगत होतीस, डोक्याला लागलंय, इंजेक्शन द्या. घरातलं संपलेलं, जवळच्या दवाखान्यात नव्हतं. पुण्याच्या वाटेवर तुझ्या मांडीवरच त्याची शुद्ध हरपली.

उंदरांच्या रक्तात आमचं जोडलेलं प्रथिन टिकलं, त्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटले. मी जिन्यात जाऊन रडले. माणसांपर्यंत पोचायला अजून कित्येक वर्षं लागतील.

माझ्या बाळाच्या बारशाला तू आली नाहीस, तेव्हा आई म्हणाली, "तिचं दुख लई ओलं हाय, बोलवू नगं." पण आता बोलवावंच लागतंय. लस टोचली आणि बाळाची मांडी काळीनिळी होऊन सुजली. मी या दुखण्याची वाहक, मुलगा झाला तर त्याला ते येण्याची निम्मी शक्यता होतीच. रिपोर्ट आला. मामाचंच दुखणं भाच्याला आलंय. आईला सांगायचं धाडस झालेलं नाही. काल इंजेक्शन द्यायला नर्सला त्याची शीर सापडेना; तो रडून रडून निळा पडला आणि मी नुसती उभी राहिले. सार्थकला तू चुलीवर चहा ठेवून, गप्पा मारता मारता सुई द्यायचीस. हे तुझ्याकडे मागणं किती क्रूर आहे, मला कळतं. नाही म्हणालीस तरी तू आमचीच आहेस. पण जमलं तर ये वहिनी, आणि मला शिकव.

वाट पाहणारी तुझीच,
अश्विनी