सांडलेले तीन पेले

१२ जून २००४
कोल्हापुरात खोली मिळाली! मंगळवार पेठेतल्या तीन घरांत माझं आडनाव ऐकताच खोली 'कालच गेली' होती. चौथ्या घरच्या संयोगिताकाकूंनी आडनाव विचारलंच नाही. घरातलं कोणी अलीकडं गेलंय का, एवढंच विचारलं. आई फेब्रुवारीत गेली, म्हणालो. तशा त्या हसल्या. "या की पावणं, घर तुमचंच हाय." दुपारी स्वतः तांबडा रस्सा वाढला. सोमवारी कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू व्हायचं. लातूरला धाकट्या साक्षीला फोन करून पत्ता कळवला.

१६ जून
काकूंची एकुलती मुलगी श्रुती पुण्याला शिकायची, तिथून तिनं भविष्य सांगायची टॅरोची पानं आणली होती. ती आता नाही. काकूंनी मला एक पान ओढायला लावलं. काळी घोंगडी पांघरलेला माणूस, मान खाली. पुढ्यात तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन भरलेले. काकूंनी अर्थ सांगितला : हे दुःखाचं पान. सांडलेल्याकडं बघत उभा आहे, वळला तर मागचे दोन दिसतील आणि चालू लागेल. मला पटलं. वळायलाच हवं, म्हणालो. काकूंचा चेहरा उतरला.
"वळली की माणसं इसरत्यात," म्हणाल्या.

२० जून
आज माजघराचं दार उघडं दिसलं. भिंतीकडं तोंड करून एक माणूस बसलेला. काळी घोंगडी, पुढ्यात तीन आडवे पेले, फरशीवर पाणी. हाक मारली, हलला नाही. हा कृष्णात, आधीचा भाडेकरू, असं काकू म्हणाल्या. बायको गेली त्याची. त्या पाण्यात दिसते त्याला. मीही बसावं, पाच मिनिटं.
बसलो. आई दिसली. भाकरी थापत होती.

२३ जून
कामावर गेलो नाही. उठू लागलो की पाण्यातली आई रडते. मग बसतो. काकूंनी माझ्याही डोक्यावरून काळी घोंगडी पांघरली. काकू पाठीमागे दोन पेले चहा ठेवून जातात. वळून घे, असं म्हणत नाहीत.

२५ जून
आज निघायचंच ठरवलं. पाय उचलेना. मान वळेना. वही मांडीवर आहे, हात तेवढा चालतो. चहाचा वास येतो, पण—
कृष्णातचा श्वास ऐकू येत नाही. किती वेळ कान देऊन—

२७ जून
आई भाकरी थापायची थांबली. नुसती हात हलवते. जा म्हणते. मला हाकलते आहे, आणि मी—

२८ जून, सकाळ
दारात साक्षीचा आवाज! फोन लागेना म्हणून आली. काकू रडून सांगतायत, तुझा भाऊ गेला. "रंकाळ्यात गेला गं पोरी, चार दिवस झालं."
मी इथे आहे. ओरडतोय, घशातून नुसती हवा.
साक्षीचा हंबरडा. काकू तिला म्हणतायत, आत ये, बस जरा, दिसंल तुला त्यो.
माझ्या डाव्या बाजूला, कृष्णात बसायचा तिथं, काकूंनी घोंगडी झटकल्याचा आवाज—
साक्षी, माझ्याकडे बघ, पाण्यात नको— तिनं चपला काढल्या— साक्षी, पाण्यात ब—